वहीतली पोटदुखी

वलीभाई रत्नागिरीचा. कतारमध्ये, दोह्याबाहेरच्या एका लेबर कॅम्पात दवाखान्याची वही लिहायचा. शिक्षण सातवी, पण अक्षर असं की डॉक्टरनं लाजावं. माणूस आला की नाव, देश, तक्रार लिहायची, एवढंच काम.

त्यात एक गडबड होती बघा. पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करणारा उकाड्यानं चक्कर येऊन पडला, की शुद्धीवर येताच हात जोडायचा. "चाचा, चक्कर लिहू नका. अनफिट म्हणून घरी धाडतील." मग वलीभाई लिहायचा, पोटदुखी. नेपाळी, बंगाली, बिहारी, सगळ्यांची पोटं दुखायची. त्याच्याच गावचा मुनाफ जुलैत तीनदा आला. तिन्ही वेळा पोटदुखी. चौथ्यांदा आलाच नाही. शेडमध्येच गेला.

ऑक्टोबरात नमिताताई आल्या, पुण्याच्या. कुठल्या देशाच्या माणसाला कामावर काय होतं, याचा तक्ता तिथल्या सरकारसाठी करत होत्या. उघड्यावर राबणाऱ्याला उन्हाळ्यात दुपारची सुट्टी असते. शेडवाल्यांनाही ती मिळावी, म्हणून त्यांची धडपड.

"वलीभाई, गोरा इंजिनियर एसीत आणि ही माणसं पत्र्याखाली. मला वाटलं, आकड्यांत दिसेल. पण चक्कर शून्य! नुसती पोटं बिघडलीत. मेस सुधारा, एवढंच लिहिता येईल मला."

वलीभाईनं चहाचा कप खाली ठेवला. "मेस चांगली आहे हो, ताई."

"मग?"

मग त्यानं सगळं सांगितलं. ताईंनी तक्ता मिटला. म्हणाल्या, "नावं आणि तारखा द्या. वहीत दुरुस्ती करून कंपनीची सही आणा. नुसत्या तोंडी बोलण्यावर तक्ता बदलता येत नाही मला. परवा रिपोर्ट जातोय."

कंपनीची सही म्हणजे नावं कंपनीपुढे. तरी वलीभाई खोलीखोलीत फिरला.

"चाचा, खिचडी बाधली म्हणून लिहा ना!" बंगाली तनवीर म्हणाला. सगळे हसले. मग तोच हळूच म्हणाला, "सुट्टी पुढच्या उन्हाळ्यात मिळेल. मला तर उद्याच धाडतील. बहिणीचं लग्न आहे, चाचा."

नाव कुणीच दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी वलीभाईनं वही ताईंपुढे ठेवली. सही होती. लाल पेनानं तीनच ओळी बदललेल्या. मुनाफ, मुनाफ, मुनाफ.

"एकच माणूस?"

"त्याला धाडून झालंय, ताई. पेटीतून."

ताईंनी त्या नावावर नुसता हात ठेवला. एका माणसानं तक्ता हलत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

रिपोर्ट गेला. मेसला नवा फ्रीज आला.

जूनमध्ये तनवीरला दोघांनी धरून आणलं. अंग तापलेलं, डोळे फिरलेले. वलीभाईनं वही उघडली.

"पोट," तनवीर पुटपुटला.

वलीभाईनं बराच वेळ पेन टेकवलं नाही. पण वहीत लिहिल्याशिवाय डॉक्टर सलाईन लावत नाही. त्यानं लिहिलं, पोटदुखी. अक्षर तेवढं या वेळी बिघडलं.