अनुभवाला गुण नाहीत

वनमालानं केजच्या एका विनाअनुदानित शाळेत नऊ वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीत मात्र निवड झाली शेजारच्या ऊर्मिलाची. ऊर्मिलानं अजून कुठंच शिकवलं नव्हतं, पण परीक्षेत तिचे गुण जास्त होते आणि अनुभवाला गुणच नव्हते.

नेमणूक झाल्यावर ऊर्मिला पेढे घेऊन आली. "ताई, वडवणीकडं पहिलीचाच वर्ग दिलाय. पयल्या दिवशी पोरं लई रडत्यात म्हणं. काय करू?"

रडणाऱ्या पोराला खडू वाटायचं काम दिलं की ते गप्प होतं, हे वनमालाला पाठ होतं.

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "माझा अनुभव कुठं धरलाय कुणी?"

ऊर्मिला खाली मान घालून गेली. वनमालानं पेढ्याचा पुडा न उघडताच गल्लीतल्या छबुबाईंकडं पाठवून दिला.