निळ्या दोऱ्याची नोट

आमच्या ह्यांना वेड कसलं, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या चिल्लर नोटांचं. तेव्हा म्हणे कुठलीशी लढाई पेटली, लोकांनी नाणी घरात दडवली आणि पाव घ्यायला सुटे मिळेनात. मग सरकारनं नाण्यांच्या जागी कागदाचे तुकडे छापले, काडेपेटीएवढे. मी त्यांना चिटोऱ्या म्हणायचे. "अहो, चिटोऱ्या आवरा, मला कापड पसरायचंय," हे माझं रोजचं पालुपद. शिवणयंत्र माझं, टेबल मात्र दोघांचं, त्यामुळे भांडणाला कधी तोटा नव्हता.

त्यातली एक नोट मधोमध फाटलेली होती. कुणीतरी ती जाड निळ्या दोऱ्यानं शिवली होती. "उसव गं हा दोरा," हे कायम मागे लागायचे, "त्यानं नोट बाद होते." मी आपली टाळायचे. टाके घाईचे होते, पण घट्ट. दारात पाववाला खोळंबलेला असताना कुणा बाईनं घातले असणार. आणि दुसऱ्या बाईचं काम मी उसवत नाही, कुणी कितीही शहाणपणा शिकवो.

मग ह्यांची नजर गेली. एकदम नाही, उन्हातल्या कापडाचा रंग उतरतो तशी. डॉक्टरांनी हात टेकले. दुपारी हे अल्बम उघडून बसायचे, एकेक नोट काढून चाचपायचे. जहाजाच्या चित्राची कुठली, कणसाच्या चित्राची कुठली, काही कळायचं नाही. सगळे कागद सारखेच मऊ. ते बघताना यंत्रावरचे माझे पाय आपोआप थांबायचे.

ह्यांचा दोस्त घड्याळजी, तोही याच नादाचा. "ह्या नोटांना गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. "रविवारी आणतो. वहिनी, तुम्हीच समजवा. दिसत नाही तर उराशी बाळगून करायचंय काय?"

ह्यांनी अल्बम मिटला. मग म्हणाले, "आण." मला तर घड्याळजीला तिथल्या तिथे हाकलावंसं वाटलं.

शनिवारी दुपारी पडद्यातून पिवळा उजेड येत होता. हे खुर्चीत पेंगत होते, मांडीवर अल्बम, आणि झोपेतही बोटं आपली चालूच. एका नोटेवर ती थांबली.

"ही निळ्या दोऱ्याची," हे मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "खाली घोडा आहे. कोपऱ्यात शाईचा डाग. अगं, दिसतेय मला!"

चेहरा असा उजळला की मी यंत्र सोडून जवळ गेले.

"सगळ्यांना टाके घाल," ते म्हणाले. "प्रत्येकीला वेगळे."

"डोकं ठिकाणावर आहे ना? भोकं पडली की कवडीमोल होतील. हवं तर पाकिटांवर घालते."

"मग मला पाकिटंच दिसतील. मला त्या विकायच्या नाहीत गं, बघायच्यात."

कपाळ माझं! सगळ्यात बारीक सुई काढली. जहाजाला धावदोरा घातला, कणसाला साखळी टाका, पुलाला मच्छीकाटा. शिवून झाली की नोट ह्यांच्या हातात द्यायची आणि चित्र सांगायचं. हे बोटं फिरवत पुटपुटायचे, ही कुणी न्हाव्याला दिली असेल, ही होडीवाल्याला. हळूहळू मला ती माणसं खोलीत येऊन बसल्यासारखी वाटायला लागली. निळ्या दोऱ्याची बाईही समोर होती, दाताखाली दोरा धरून. "जरा उजेड सोडा," असं मी तिला म्हणालेसुद्धा बहुतेक.

रविवारी गिऱ्हाईक आलं. एक नोट उचलली, दोरा पाहिला, आणि चहालाही न थांबता चालतं झालं.

"वहिनी, हे काय करून ठेवलंत!" घड्याळजीनं डोक्याला हात लावला.

"शिवण, भावजी. माझा धंदाच आहे तो."

तोही गेल्यावर हे अल्बम घेऊन बसले. "पूल. कणीस. जहाज." एकदाही चुकले नाहीत. मग एका नोटेवर अंगठा अडला. पुन्हा फिरवला.

"इथे टाका वाकडा गेलाय. रडत होतीस?"

"शिंक आली होती."

"बरं," हे म्हणाले, आणि ती नोट काढून त्यांनी अल्बमच्या पहिल्या पानावर लावली, निळ्या दोऱ्याच्या नोटेच्याही आधी.