गाडी तापते कशानं

मिस्त्री गेले तेव्हा नवराबायकोचा अबोला चालू होता. कारण ऐकाल तर हसाल: कात्री. बायकोची कापड कापायची चांगली कात्री त्यांनी गॅरेजात नेऊन पुठ्ठे कापायला वापरली आणि धार घालवून परत आणून ठेवली. तिने एकदा मनसोक्त सुनावलं आणि मग तोंडाला कुलूप लावलं. असे अबोले आधीही झाले होते. चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी नमतं घ्यायचं. या वेळी चौथ्या दिवशी दुपारी मिस्त्री गॅरेजच्या बाकावर बसल्या बसल्या गेले. सकाळचा चहा तिने त्यांच्यापुढे न बोलताच ठेवला होता.

गॅरेज तिने बंद केलं नाही. पंचवीस वर्षं त्यांच्या बरोबरीने हात काळे केले होते, काम येत होतं. पण तीन महिने झाले तरी मन त्या चार दिवसांतच अडकून पडलं होतं. तिला त्यांचा एक शब्द हवा होता. गोड नको, खेकसले असते तरी चाललं असतं.

ऊन तापायला लागलं आणि एका दुपारी मास्तर आले. शाळेत गणित शिकवायचे, मिस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक.

"वहिनी, म्हातारी तापतेय हो! पंधरा दिवस झाले. चढ आला की काटा लाल."

"आणि पंधरा दिवस कुठे होतात?"

मास्तर ओशाळले. "तुम्हाला कशाला त्रास, म्हणून दुसरीकडे दाखवली. तीन वैद्य, तीन रोग. एक म्हणाला पंप, एक म्हणाला थर्मोस्टॅट, तिसरा म्हणाला गाडीच विका."

त्यांनी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला तशी ती ओरडली, "सोडा ते! तोंड भाजून घ्यायचंय का? आधी थंड होऊ दे."

इंजिन निवल्यावर तिने झाकण काढलं. पाणी पुरेसं होतं, तेलकट नव्हतं. झाकणाचं रबर ठीक, पट्टा घट्ट. गाडी पुन्हा चालू करून तापू दिली. पंखा फिरायला लागला. तिने वरच्या नळीला हात लावून पाहिला, मग खालच्या. दोन्ही सारख्याच कढत.

"पाणी फिरतंय, मास्तर. पंप आणि थर्मोस्टॅट दोघांवर उगाच आळ आला. पाणी फिरतंय, पण निवत नाही."

तिने बाकावरचा वर्तमानपत्राचा कागद घेतला आणि गाडीच्या तोंडाशी, जाळीपुढे धरला. पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. कागद नुसता लोंबत राहिला.

गाडी बंद करून तिने टॉर्च घेतला आणि गुडघ्यावर बसून जाळीतून आत पाहिलं. तिन्ही शहाण्यांनी वरून डोकावलं होतं, समोर वाकायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. रेडिएटरपुढे, धुळीने काळा पडलेला, पुठ्ठा होता.

थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून जुन्या गाड्यांना पुठ्ठा लावायचा, ही मिस्त्रींची पद्धत. लावायचे ते, थंडी सरली की काढायची ती. कुठल्या गाडीला लावला ते तोंडी सांगायचे, लिहून ठेवायचा भारी कंटाळा. या वर्षीचे सगळे तिने आठवणीने काढले होते. हा त्यांनी सांगितलाच नव्हता.

"मास्तर, हा कधी लावला?"

"मिस्त्री गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी. मी पार विसरलोच."

अबोल्याचा तिसरा दिवस. तिने जाळीचे स्क्रू काढले आणि पुठ्ठा हळूच ओढून घेतला. कडा सरळ होत्या. सुरीने, पट्टी लावून कापलेल्या. कात्रीला त्यांनी हात लावला नव्हता.

मग तिने तो उलटा केला. मागची बाजू धुळीपासून वाचली होती, आणि तिच्यावर मार्करने, त्यांच्या त्या गिचमिड अक्षरात, लिहिलं होतं:

'थंडी संपली की हा काढ. आणि आता तरी बोल ना माझ्याशी.'

तिने दोनदा वाचलं. काढायची आठवण पुठ्ठ्यावरच लिहिली होती, तीही आतल्या बाजूला. असला शहाणपणा करणारा माणूस तिने जन्मात एकच पाहिला होता.

"अहो," ती म्हणाली, "हा काढल्याशिवाय मी वाचणार कसं? डोकं कुठे ठेवलं होतं तुम्ही?"

मास्तर दचकले. "मला म्हणालात का, वहिनी?"

तिने नकारार्थी मान हलवली. पुठ्ठा मांडीवर घेऊन ती त्या बाकावर, त्यांच्या जागेच्या शेजारी बसली.

"मास्तर, गाडी बरी झाली. आता घेऊन जा," ती म्हणाली. "मला यांच्याशी जरा बोलायचंय."