तिरपी निब

आयुब मास्तरांनी बॉलपेन भिरकावला तो थेट भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आपटला. त्याआधीचा पलंगाखाली गेला होता आणि तो अजून कुणी काढला नव्हता.

“फेकू नका वो अब्बा,” त्यांची सून यास्मिन पिठाच्या हातानं तशीच उठून आली. “डाक्टर काय म्हणले? रोज दोन ओळी लिवायच्या. त्याबिगर बोटं कशी सुटतील?”

मास्तरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. अर्धांगाचा झटका रमजानच्या आधी येऊन गेला होता. पाय बराचसा ताळ्यावर आला, काठी धरून अंगणापर्यंत जाणं जमायला लागलं. पण उजवा हात आणि जीभ, दोन्ही हट्टाला पेटल्यासारखी बसून होती. बोलायला गेले की शब्द तोंडातच चुरगळायचे. आयुष्यभर उर्दू शाळेत पोरांचे उच्चार सुधारणाऱ्या माणसाला स्वतःचं असलं बोलणं ऐकवेना, तेव्हा मास्तरांनी बोलणंच टाकलं. पाणी हवं असलं की भांडं वाजवायचे.

आणि बॉलपेन म्हणजे दाबून लिहायचं हत्यार. दाबायला बोटांत जोर लागतो, तोच नव्हता. कागदावर नुसता ओरखडा उठायचा, मास्तर त्याच्याकडं शत्रूकडं बघावं तसं बघायचे आणि पेन उडायचा.

खरं दुखणं मात्र कपाटावर ठेवलं होतं. मास्तरांची नात उम्मेहानी, तिच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या होत्या. उमरग्यातल्या त्यांच्या मोहल्ल्यात लग्न निघालं की पत्रिकांचा गठ्ठा आधी आयुब मास्तरांकडं यायचा. लिफाफ्यावर पाहुण्याचं नाव मास्तरांच्या हातचं असलं तरच ते आमंत्रण. नावाची छापील चिठ्ठी चिकटवलेला लिफाफा आला तर लोक लग्नाला यायचे, पोटभर बिर्याणी खायचे आणि वर्षभर म्हणत राहायचे, आम्हाला कुठं बोलावलं होतं? कुणाला जनाब लिहायचं, कुणाला मोहतरम, कुठल्या म्हाताऱ्याच्या नावाआधी हाजी आलं नाही तर तो मांडवातून उठून जाईल, हे सगळं मास्तरांना तोंडपाठ. लोकांच्या लेकींसाठी त्यांनी उभी हयात लिफाफे लिहिले. आता घरच्या लेकीची पाळी आली तर हात गेलेला. गठ्ठा घरात आला त्या दिवशी त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली होती.

“अब्बा, मी काय म्हणतो,” अल्ताफ म्हणाला. अल्ताफ म्हणजे मास्तरांचा मुलगा, गावातल्या मराठी हायस्कुलात क्लार्क. “शाळेतल्या कंप्युटरवर नावं काढून आणतो. चिकटवून टाकू. पाहुण्यांना ठाव हाय तुमची तब्येत.”

मास्तर वळले. डावा हात उचलला, हवेतच पेनाचं टोपण फिरवल्यासारखं केलं आणि घड्याळाखालच्या फळीकडं बोट दाखवलं. मग पुन्हा टोपण, पुन्हा फळी.

“दादांचा पेन!” उम्मेहानी टाळी वाजवून म्हणाली. आजोबांना ती दादा म्हणायची. “शाईचा पेन मागायलेत. आपल्या कुणाच्या डोक्यातच कसं आलं न्हाय? त्याला दाबावं लागतंय व्हय? नुसता टेकवला की झालं.”

ती फळीकडं गेली. फळीवर शाईची दौत होती, ड्रॉपर होता, पेन नव्हता. अल्ताफचे कान तापले.

त्या पेनात त्याचा जीव लहानपणापासून अडकलेला. गर्द तपकिरी अंगाचा, जाडजूड, स्वतःला नोकरी लागली तेव्हा मास्तरांनी हैदराबादेतून आणलेला. त्याला हात लावलेला मास्तरांना खपायचा नाही. त्यांचं अंथरूण धरणं लांबलं तसा पेन फळीवर धूळ खात पडला आणि एक दिवस अल्ताफनं तो गुपचूप धुतला, शाई भरली आणि खिशाला लावून शाळेत नेला. दिवसभर दाखले लिहून त्याचा अंगठा ठणकायचा, त्या दिवशी ठणकला नाही. पेन हातात धरला की हात आपोआप सावकाश व्हायचा, ओल्या शाईची निळी ओळ डोळ्यांदेखत सुकत जायची, आणि चाळिशी उलटलेल्या क्लार्कला आपलं काम एकाएकी मोठं वाटायला लागलं. हेडमास्तर आण्णासाहेब येता-जाता चिडवायचे, “काय अल्ताफभाई, बढती झाली का?”

एकच खोट होती. पेन खरडायचा. मराठी लिहिताना कागदाचे तंतू उचकटायचे, उभी रेघ नको तिथं बारीक व्हायची. अल्ताफनं निब डोळ्यांजवळ धरून बघितली तर टोक एका अंगानं तिरपं. जुना पेन, झिजणारच. त्यानं तो बसस्टँडजवळच्या शरणबसप्पाकडं दुरुस्तीला टाकला.

“पेन दुरुस्तीला दिलाय,” तो आता म्हणाला.

“कसली दुरुस्ती?” उम्मेहानीनं विचारलं.

“निब झिजली होती ना. तिरपी झाल्ती. म्हटलं घासून सरळ करून घ्यावी.”

मास्तरांच्या घशातून एक आवाज निघाला. त्याला शब्द म्हणता येणार नाही, पण यास्मिनचा लाटणं धरलेला हात जागच्या जागी थांबला.

“पप्पा, ती झिजलेली नव्हती!” उम्मेहानीचा आवाज चढला. “दादांनी कत दिलावता तिला. स्वतः दगडावर घासून घासून टोक तिरपं केलंवतं. उर्दू लिवायला तसंच लागतंय. बोरूला तासतेत ना तिरपं, तसं.”

“मला काय ठाव?”

खरंच होतं ते. मास्तरांनीच त्याला मराठी शाळेत घातलं होतं. पोटापाण्याला मराठी लागेल, उर्दू काय घरात येईलच, म्हणून. ती घरात आली नाही. मास्तर दिवसभर लोकांच्या पोरांना शिकवून दमून यायचे. अल्ताफ उर्दू अडखळत वाचायचा, लिहीत कधीच नव्हता. नातीच्या वेळी मात्र मास्तर निवृत्त झालेले, तिला त्यांनी मांडीवर घेऊन अलिफ-बे गिरवायला लावलं.

“दुसरी निब आणू की,” अल्ताफ म्हणाला. “तिला कत देऊ.”

“देणार कोण? मला येतंय का? दादांचा हात चालतोय का?”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. अल्ताफनं गाडीची किल्ली उचलली.

हायवेला हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. अल्ताफ एरवी दहा वेळा आरशात बघून गाडी काढणारा माणूस, आज दोन कंटेनरच्या मधून घुसला आणि एका ड्रायव्हरच्या आयमाय काढणाऱ्या शिव्या त्यानं निमूट ऐकून घेतल्या. आठवडा झाला होता पेन देऊन. आठवड्यात निब काय, अख्खा पेन घासून संपला असता. अब्बांना काय सांगायचं? पेन आहे, पण तुमचा राहिला नाही असं? आजवर त्यांच्या एकाही वस्तूला त्यानं हात लावला नव्हता आणि लावला तो नेमका या वस्तूला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं त्याला वाटत होतं. हात हँडलवर होते म्हणून राहिलं.

शरणबसप्पाचं दुकान म्हणजे घड्याळं, चष्मे, पेन आणि पंचाक्षरी मंत्राची एक जुनी फ्रेम, एवढ्यांच्या मधोमध एक स्टूल. स्टुलावर शरणबसप्पा, एका डोळ्याला भिंग लावून, कपाळाला भस्माचे पट्टे.

“या या अल्ताफभाई! झालंय की तुमचं!”

त्यानं दुकानाच्या फळीला धरलं.

“झालं?”

“व्हय की. मस्त झालंय. च्या घेता?”

“घासली निब?”

“घासली म्हणजे? लोण्यावाणी केलीया. आता कसलंबी कागद आणा.”

अल्ताफ फळीवरच बसला. समोर रिक्षावाले भांडत होते, एक बाई केळ्यांचा भाव करत होती, सगळं जग आपापल्या जागी ठीकठाक चाललं होतं आणि त्याचं त्याला अतिशय वाईट वाटलं. चाळिशी उलटलेली नसती तर तो तिथंच रडला असता.

“आप्पा, ती तिरपी मुद्दाम केलेली होती,” तो म्हणाला. “अब्बांनी. उर्दूसाठी. त्यांचा हात गेलाय, आता त्या निबीनं तरी दोन अक्षरं लिवली असती. घरात पोरीचं लगीन हाय, पत्रिका तशाच पडल्यात. मलाच कळलं न्हाय वो आप्पा. तुमची काय चूक न्हाय.”

शरणबसप्पानं डोळ्याचं भिंग काढलं. त्याच्याकडं बघितलं. मग खाली बघितलं, कान खाजवला आणि एकदम गडबडीनं ड्रॉवर ओढला. त्यातून पट्टे तुटलेली घड्याळं काढली, चष्म्याच्या काड्या काढल्या, अर्धी खाल्लेली शेंगाची चिक्की काढली. दुसरा ड्रॉवर ओढला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं आणि त्याला बांधलेला दोरा अल्ताफनं बांधला होता तसाच होता.

“हात लावला न्हाय अजून,” शरणबसप्पा पुटपुटला.

“काय?”

“न्हाय लावला हात! किती वेळा म्हणवून घेताव? लगीनसराई हाय, घड्याळं किती आल्यात बघा. आज करणारच हुतो.”

“मग झालं कशाला म्हणलात?”

“तसं म्हणावं लागतंय. न्हाय झालं म्हणलं की गिऱ्हाईक तोंड पाडतंय.”

उभ्या उमरग्याला ही गोष्ट ठाऊक होती. शरणबसप्पा प्रत्येकाला ‘झालंय की’ म्हणायचा, चहा पाजायचा आणि चहा संपेपर्यंत काम सुरू करायचा. अल्ताफलाही ठाऊक होती, पण भ्यालेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही. त्यानं पुडकं फोडलं, टोपण फिरवलं, निब उजेडात धरली. तिरपी होती. चांगली, ठसठशीत तिरपी होती.

अल्ताफनं फळीवरून वाकून शरणबसप्पाला मिठी मारली. स्टूल डुगडुगलं, दोन घड्याळं खाली पडली.

“आवो आवो! लोक बघाय लागल्यात!”

“बघू द्या,” अल्ताफ म्हणाला. “आप्पा, असंच आळशी ऱ्हावा. अल्ला तुमचं भलं करो.”

“आळशी कुणाला म्हणताव?” शरणबसप्पा ओरडला, पण तोवर गाडी सुरू झाली होती.

घरी उम्मेहानीनं पेन धुतला, ड्रॉपरनं शाई भरली. यास्मिननं मास्तरांच्या पाठीला उशा लावल्या आणि मांडीवर पाट ठेवला. अल्ताफनं पेन त्यांच्या हातात दिला तेव्हा बोटं त्याच्याभोवती वळायला वेळ लागला, पण वळली. मास्तरांनी तो दोनदा फिरवून बसवला. कागदाला निब टेकवली. दाबली नाही, दाबताच येत नव्हती. हात उजवीकडून डावीकडं सरकला आणि मागं निळी रेघ उमटली. आधी बारीक, वळणावर जाड, पुन्हा बारीक.

तिघांनी एकदमच श्वास सोडला. मास्तर लिहीत राहिले. तोंड एका बाजूला ओढलेलं, लाळ ओघळत होती, यास्मिननं पदरानं पुसली तर त्यांनी मान झटकली. स्वतःचं नाव लिहून झालं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. अक्षरं वाकडी आली होती. एक तर ओळ सोडून खाली उतरलं होतं.

“वा वा! लई भारी आलंय अब्बा,” अल्ताफ म्हणाला. त्याला काय लिहिलंय ते अर्धवटच वाचता आलं होतं.

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं. शाळेत नक्कल करून आणणाऱ्या पोराकडं ते असंच बघायचे. मग त्यांनी आपल्याच नावावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक मोठी फुली मारली.

“परत,” ते म्हणाले.

स्वच्छ म्हणाले. कितीतरी आठवड्यांत घरानं ऐकलेला तो पहिला अख्खा शब्द होता आणि तो रागावून म्हटलेला होता. यास्मिन तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, ती हसता हसता रडायलाच लागली. अल्ताफ नवीन कागद आणायच्या निमित्तानं आत गेला आणि तिथं कपाटाला डोकं टेकून थोडा वेळ उभा राहिला. अंगातून ताप उतरावा तसं त्याला हलकं वाटत होतं. पेन आता आपल्याला कधीच मिळणार नाही, हेही त्याला तिथं उभं असताना कळलं. अब्बांनंतर तो उम्मेहानीकडं जाणार, तिच्याबरोबर सासरी जाणार. जाऊ दे, त्याला वाटलं. जाऊ दे की. तो कागद घेऊन बाहेर आला.

दुपारपर्यंत कागद संपले आणि मग मास्तरांनी स्वतः लिफाफ्यांकडं बोट दाखवलं. सगळे लिफाफे त्यांच्यानं होणार नव्हते, हे सांगायची गरज नव्हती. बाकीचे उम्मेहानी लिहिणार होती. पण मोठ्या घरांचे, थोरामोठ्यांचे तेवढे मास्तर लिहिणार. पहिला लिफाफा ढोकीच्या कुलसुमबींचा, मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा. ‘मोहतरमा’ लिहायलाच बराच वेळ गेला. यास्मिननं चहा आणला, तो निवला, तिनं परत नेला.

शेवटी दोन-चार लिफाफे झाले. शाई जुनी, दाट, सुकायचं नाव घेईना. मास्तरांनी ते सतरंजीवर ओळीनं मांडून घेतले, वाऱ्यानं ते उडायला लागले तसं वर बघून पंख्याकडं बोट केलं. उम्मेहानीनं पंखा बंद केला.

एप्रिलची भर दुपार, पत्र्याचं छप्पर. अल्ताफच्या मानेवरून घाम वाहत होता, यास्मिनचा पदर भिजला होता. कुणी जागचं हललं नाही. चौघंही सतरंजीभोवती बसून होते, आणि कुलसुमबींचं नाव हळूहळू सुकत होतं.