वास काढणारा माणूस

वाशिंदजवळच्या कारखान्यात वाल्मिक तेलाचा वास काढायचा. उंच टाकीत तेल तापवून त्यातून वाफ सोडायची. वाफ वास घेऊन वर जायची आणि थंड झाली की तपकिरी, चिकट गाळ मागे ठेवायची. साऱ्या मुलखाच्या आमट्यांना बिनवासाच्या तेलाची फोडणी बसे आणि काढलेला वास वाल्मिकच्या शर्टात बसून शेणवे गावातल्या घरी येई.

"आधी गोठ्यात!" बायको, जया, अंगणातूनच सांगायची. संसारभर तो शर्ट गोठ्यातल्या खुंटीवरच राहिला.

वाल्मिक गेला. मुरबाडहून आलेल्या लेकीने, नम्रताने, घरात एकच मागणी केली: खुंटीवरचा शर्ट कोणी धुवायचा नाही. बाबांचं म्हणून ओळखू येईल असं दुसरं काही उरलं नव्हतं. फोटोत तर ते भलतेच गंभीर आले होते.

सुतक फिटायच्या सकाळी कसाऱ्याहून ठकीआत्या आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि रीतीला ती पक्की. घरातले कपडे धुवायला काढले, त्यात पहिला तोच.

"वास काय सुटं नाय गो," दोरीकडे बोट दाखवत ती म्हणाली. "तीनदा घासला. तुझा बापूस कसा ऱ्हायचा त्यात, देव जाणे!"

नम्रताने ओल्या शर्टाला नाक लावलं. साबणातलं लिंबू.

दुपारी कारखान्यातला साहेब, प्रणय, भेटायला आला. सोबत कॅप्सूलची बाटली.

"काकांच्याच गाळातलं ई जीवनसत्त्व, ताई. आधी साबणवाले नेत तो गाळ. आता त्यासाठी वेगळा विभाग उघडलाय."

"गाळच द्याल का थोडा?"

प्रणय ओशाळला. "पूर्वी कामगार डबे भरून घरी न्यायचे. आता थेंबही गेटबाहेर जात नाही."

नम्रताने एक कॅप्सूल सुईने टोचली. बोटावर आलेला सोनेरी थेंब हुंगला.

"वासाचा मागमूस नाही," प्रणय अभिमानाने म्हणाला.

"बाबांना आवडलं असतं," नम्रता म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

तो गेल्यावर आत्याने बादलीत फिनेल ओतलं. "आता गोठा तेवढा ऱ्हायला."

गोठ्याच्या दारात जया मेढीला, छप्पर तोलणाऱ्या लाकडी खांबाला, टेकून बसली होती. डब्यांच्या काळात वाळवी लागू नये म्हणून वाल्मिक दर उन्हाळ्यात त्या मेढीला गाळ चोपडायचा, आणि जया पुढे आठवडाभर नाकाला पदर लावून धारा काढायची. उन्हाने लाकूड तापलं होतं. नम्रता जवळ आली आणि थबकली. शर्ट धुतला गेला होता, मेढ धुतली गेली नव्हती.

"उठ गो वैनी," आत्या म्हणाली. "सुतकाचा घर, कोपरा न् कोपरा धुवाया पायजे."

जयाने पदर सावरला. नाकापर्यंत तो गेला नाही.

"गोठ्याला सुतक नस्तं, वन्सं," ती म्हणाली आणि सरकून तिने लेकीला मेढीजवळ जागा करून दिली.