बांधावरचा रुमाल

नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण सगळी गोष्ट 'हे' आणि 'ते' करत सांगितली तर कोण बुडालं नि कोण वाचलं ते कुणाला कळायचं नाही, म्हणून सरळ नावच घेते. माझे यजमान रोहिदास गोदीत फिटर होते आणि आमच्या शिवडीच्या चाळीत चारचाकी बाळगणारे एकटेच होते. विलायतेला परत गेलेल्या कुणा साहेबाने टाकून दिलेली मॉरिस त्यांनी स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी केली होती. तिचं मागचं एक दार सुतळीने बांधलेलं होतं आणि ब्रेक लागेल की नाही ते देवाच्या हाती होतं. त्या गाडीत बसले की शीव येईपर्यंत मी एकवीरा आईचा धावा करत असे.

उन्हाळा लागला की रोहिदासना सहलींचं वेड लागायचं. शनिवारी संध्याकाळी ते फरशीवर खडूने रस्ते काढत बसायचे. चढ नको, घाट नको, सकाळी निघून दिवेलागणीला घरी, असा त्यांचा नेम होता. विहार तलाव झाला, घोडबंदर झालं, मुंब्र्याच्या देवीला आम्ही डोंगराखालूनच हात जोडले. चाळीतले लोक म्हणायचे, मालतीबाईंची मजा आहे. मजा कसली, माझा जीव मुठीत असायचा.

या सहलींत आमच्या सासूबाई, धोंडूबाई, मागच्या सीटवर गादी टाकून बसायच्या; मी त्यांना आत्याबाई म्हणते. न्हाणीत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ते सांधलं पण पायांत बळ आलं नाही. एरवी त्या खिडकीशी बसून खाडीपलीकडे बघत असायच्या. शिवडीहून आभाळ निवळ असलं की उलव्याकडचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांच्या पायथ्याच्या एका पाड्यावर त्यांचं माहेर होतं. समोर दिसणारं, पण गाळातून चालत होडीत चढावं लागतं म्हणून वर्षानुवर्षं तुटलेलं.

त्या शनिवारी रोहिदासनी परत विहार तलावच आखला. आत्याबाईंनी काठी पुढे केली आणि खडूचा रस्ता पुसून टाकला.

"पानी बगाला जातंस ना? माज्या माहेरला पानी नाय काय?"

"आये, तिथं रस्ता कुठं हाय?"

"पनवेलच्या फुडं उरनचा रस्ता हाय. तिथून खाली उतरायचा. मंग खाडीचा फाटा. त्यान उतार हाय, तलाला दगड घातलेलं, ओहोटीला बैलगाड्या जातान. तुजी गाडी बैलापेक्षा हलकी हाय काय?"

मी लालबागची. मला पाणी माहीत ते नळातलं. "खाडीतून गाडी? मी नाय येनार," मी म्हणाले. पण ऐकतो कोण! आत्याबाई बोटांवर मोजायला लागल्या. त्यांच्याकडे भरतीचं गणित सोपं होतं: तिथीची पाऊणपट करायची. "उद्या चतुर्थी. चाराची पाऊनपट तीन. तीनला भरती पुरी. दुपार झाल्याबिगर उतारावर पानी येत नाय. आपुन न्याहारीच्या टायमाला तिकडं." कोळ्या-आगऱ्यांचं हे गणित चुकत नाही असं रोहिदासनी मला बजावलं. ते खरंही होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं.

आदल्याच दिवशी अक्षय्य तृतीया होती, म्हणून माहेरी द्यायला हापूसची करंडी घेतली. उजाडायच्या आत निघालो. ठाणं, मुंब्रा, शीळ असा सगळा वळसा घालत, कळंबोलीच्या शेतांमधून पनवेलला आलो. चहा घेताना रोहिदास हॉटेलवाल्याला पाड्याचा रस्ता विचारायला गेले, तर आत्याबाईंनी गाडीतूनच काठी आपटली.

"माहेरची वाट इचारतान काय रं? लोकं हसतील मना."

त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की रोहिदास तसेच परत आले. मीही गप्प बसले. आजही वाटतं, त्या हॉटेलात एक तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं.

उरणच्या रस्त्यावरून खाली उतरलो आणि खाडीचा फाटा समोर आला. पाणी नव्हतं. नुसता चकाकणारा गाळ, दोन्हीकडे खारफुटीची, चिपीची झुडपं, आणि पलीकडे मातीचा उंच बांध. उताराच्या कडेने जुने खुंट दिसत होते. पण गाळावर एकही चाकोरी नव्हती. ना बैलगाडीची, ना बैलाच्या खुराची.

"आत्याबाई, इथून कुनी गेलेलं दिसत नाय," मी म्हणाले.

"काल सण झाला. आज गाड्या कोन जुंपील?"

हेही पटण्यासारखंच होतं. रोहिदास खाली उतरले, पायाने जमीन दाबून पाहिली, वरचा थर मऊ पण खाली घट्ट लागलं. गाडी हळूच आत घातली. मी डोळे मिटून घेतले. चाकांखाली दगड खडखडले तेव्हा कुठे जरा श्वास सुटला.

अर्ध्यावर आलो आणि बांधावर एक माणूस दिसला. त्याने डोक्याचा रुमाल सोडला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर जोरजोरात हलवायला लागला.

"देवजी!" आत्याबाई ओरडल्या. "माजा भाव हाय तो! वलाखलान रं मना! थांबव गाडी, थांबव!"

त्या पाड्यावर एक रीत होती. सासरी गेलेली लेक होडीने माहेरी यायला लागली की बांधावरून रुमाल हलवायचा, आणि तिने होडी जरा थांबवून पदर हलवायचा. तसं केल्याशिवाय तिने पाय जमिनीला लावायचा नाही. हे आत्याबाई मला लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या. रोहिदासनी गाडी थांबवली. आत्याबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि पदर हलवला. पलीकडचा रुमाल आणखी जोरात हलायला लागला. त्या रडत होत्या, हसत होत्या, आणि मीसुद्धा मूर्खासारखा हात हलवला.

मग रोहिदासनी गाडी पुढे घेतली, पण ती पुढे गेली नाही, खाली गेली. मागची चाकं गरगर फिरली, गाळ उडाला, आणि गाडी मागच्या बाजूला बसली. त्यांनी परत जोर केला. गाडी आणखी बसली आणि बंद पडली.

इंजिनाचा आवाज थांबला तेव्हा देवजीमामांचे शब्द ऐकू आले. "जाव परत! पानी येतंय! जाव परत!"

मी मागे वळून पाहिलं. आम्ही ज्या काठावरून उतरलो होतो, त्याच्या आणि आमच्या मध्ये पाणी होतं. लाटा नाहीत, आवाज नाही. खुंटांच्या बुडाशी पाणी नुसतं सरकत होतं आणि गाळ दिसेनासा होत होता.

"आजून दुपार कुठं झालीय?" आत्याबाई म्हणाल्या. "चतुर्थी हाय. आजून टाईम हाय." त्या पुन्हा बोटांवर मोजायला लागल्या. पाण्याला त्यांच्या बोटांशी काही देणंघेणं नव्हतं.

रोहिदासनी आईला पाठुंगळी घेतलं आणि बांधाच्या दिशेने निघाले. चार पावलं गेले असतील, मांडीपर्यंत रुतले आणि दोघंही आडवे झाले. मी गुडघाभर गाळात उतरून दोघांना ओढत परत गाडीपर्यंत आणलं. एक चप्पल तिथेच राहिली. बांधाकडे पाहिलं तर बांध रिकामा होता. देवजीमामा नव्हते.

"पळाला तुमचा भाव," मी म्हणाले. भीतीने माणूस काय वाटेल ते बोलतं.

तेवढ्यात ते बांधाच्या टोकाला परत दिसले. त्यांच्याबरोबर आणखी एक जण होता आणि खाली गाळात एक होडी आडवी पडली होती. मामांनी तोंडाभोवती हात धरले. "होडी गालान हाय! पानी चढाला पायजे! वर चढून बसा!"

मला ते समजायला जरा वेळ लागला. होडी तरंगायला हवी तर पाणी यायला हवं. आणि तेच पाणी आता गाडीच्या दाराखालच्या पायफळीवर चढत होतं. ज्याच्याने मरायचं त्याचीच वाट बघत बसायचं होतं. मी एकवीरेला म्हणाले, आई, पाणी थांबव. लगेच म्हणाले, नको, थांबवू नकोस. मग काय मागावं तेच कळेना.

पाणी आत आलं. गार नव्हतं, उन्हाने कोमट झालेलं होतं, त्याचीच मला जास्त शिसारी आली. करंडी उलटली आणि आंबे सीटखालून एकेक करून बाहेर तरंगत गेले.

"रोहिदास," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम शांत झाला होता. "तू पवतंस. हिला घे आन जा. मना माजं माहेर दिसतंय, मना काय नाय."

रोहिदासनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एकीलाच नेता आलं असतं, हे तिघांनाही कळलं होतं. तो माणूस आता काही तरी ठरवणार याची मला त्या पाण्यापेक्षा भीती वाटली. मी आत्याबाईंच्या पदराचं टोक घेतलं, माझ्या पदराला त्याची गाठ मारली, आणि वर आणखी एक मारली.

"आता न्यायचं तर दोघींना न्या," मी म्हणाले. "नायतर बसा इथंच."

लोक मला नंतर धीराची म्हणाले. धीर वगैरे काही नव्हता. आत्याबाईंना सोडून त्या पाण्यात उतरायचं आणि मग जन्मभर त्या खिडकीशी एकटीने बसायचं, याची मला जास्त भीती वाटली. आत्याबाईंनी मला एक सणसणीत शिवी दिली. लग्न झाल्यापासून इतक्या मायेने त्यांनी मला दिलेली ती पहिलीच शिवी.

सुतळीचं दार तोडून आम्ही त्यांना बाहेर घेतलं. रोहिदासनी खालून उचललं, मी बॉनेटवरून ओढलं, आणि त्यांना टपावर ठेवलं. त्या वेदनेने किंचाळल्या. पाणी सीटच्या वर आलं होतं. मी टपाच्या कडेला धरून पडले, रोहिदास कमरेभर पाण्यात गाडीला पाठ लावून आमचे पाय धरून उभे राहिले. गाडी एकदा हलली. नुसती हलली, जरा कलली आणि थांबली. त्या क्षणी मला वाटलं, संपलं.

मग वल्ह्याचा आवाज आला.

होडी आमच्या अंगाशी लागली. देवजीमामा आणि हिरामण नावाच्या त्यांच्या शेजाऱ्याने आत्याबाईंना आत घेतलं. पदराची गाठ ओली होऊन इतकी घट्ट बसली होती की त्यांच्यामागोमाग मीही होडीत ओढली गेले. रोहिदास कडेला हात टाकून मागून चढले. आम्ही बांधाला लागलो तेव्हा मागे फक्त गाडीचं टप दिसत होतं, आणि थोड्या वेळाने तेही दिसेना.

बांधावर बायका जमल्या होत्या. कुणी पाणी दिलं, कुणी कोरडं लुगडं आणलं. आत्याबाई भावाकडे बघत होत्या.

"चतुर्थी हाय, देवजी. पानी एवडा लवकर कसा आयला?"

"बाय, हा बांध नवा हाय. खाडी आडवून खारजमीन केली ना. पयला पानी पसरून जायाचा शेतान, आता त्याला जागाच नाय, सगला उतारान घुसतंय. दगडंपन गालाखाली गेलीत. गाड्या आता बांधावरून जातान. वरून चांगला रस्ता हाय. कुनालाबी इचारला असतास तर सांगला असता."

"मना कुनी सांगला नाय."

"सांगाला तू आयलीस कवा?"

आत्याबाईंनी हळूच विचारलं, "आन रुमाल? तो माज्यासाठी नव्हता?"

मामांनी मान खाली घातली. "मना काय म्हाईत गाडीन कोन हाय. बुडतील म्हनून हालवत व्हतो. मंग पदर हालताना बगला, तवा वलाखला. आन होडीकडं पलालो."

आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

गाडी दुसऱ्या ओहोटीला बैल लावून काढली. ती परत कधी सुरू झाली नाही. मामांच्या अंगणात तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. पुढे रोहिदासनी खडू हातात घेतला की मी एकवीरेचा धावा सुरू करायची, मग त्यांनी तो घेणंच सोडलं.

आम्ही परत निघालो ते होडीने. मामांनी आत्याबाईंना खुर्चीत बसवलं, खुर्चीला दोन बांबू बांधले आणि चौघांनी मिळून गाळातून त्यांना अलगद होडीत नेऊन ठेवलं. पायाला थेंबभर चिखल लागला नाही. "हे एवडं सोपं व्हतं?" रोहिदास म्हणाले. मामा म्हणाले, एक निरोप धाडला असता तर कधीही आलो असतो.

हिरामणने होडी लोटली. पुन्हा चहूकडे पाणी दिसलं. मी आत्याबाईंचा हात घट्ट धरला.

बांधावर देवजीमामांनी रुमाल सोडला आणि डोक्यावर हलवायला लागले.

आत्याबाईंचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्या म्हणाल्या, "हिरामन, होडी थांबव. इचार त्याला. ये म्हनतोय का जा म्हनतोय?"

हिरामण हसला नाही. त्याने वल्हं वर घेतलं आणि बांधाकडे ओरडून विचारलं. मामांचा हात थांबला. मग पाण्यावरून त्यांचा आवाज आला, चिरका, रडवेला.

"ये म्हनतोय, बाय! ये म्हनतोय!"

तेव्हा कुठे आत्याबाईंनी पदर सोडला आणि हलवला. दुसऱ्या हाताने त्यांनी मला धरलं होतं, ते शिवडी येईपर्यंत सोडलं नाही.