डावीकडची गाठ

क्लेमाँने हॅट शेंड्याला चिमटीत धरून उचलली आणि ओदेतच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खाली ठेवा ती," ती म्हणाली. "माशाला शेपटीने उचलतात. हॅटला कडेने उचलतात."

क्लेमाँने मुकाट्याने हॅट टेबलावर ठेवली. पोरगेलासाच होता, पण पॅरिसच्या त्या संग्रहालयात जुन्या गुंडपटांचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उघडणार होतं आणि त्याची सगळी सूत्रं त्याच्या हाती होती. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत पोस्टर लावलं होतं. रेनकोटची कॉलर वर, हॅट भुवईपर्यंत खाली, ओठांत सिगारेट. रेमों कास्तान. साठ वर्षांपूर्वी अर्ध्या फ्रान्समधले पुरुष त्याच्याकडून गप्प बसायला शिकले होते आणि त्यांच्या बायकांनी ते सोसलं होतं.

पोस्टरखाली काचेच्या पेटीत एक करडी हॅट होती. 'रेमों कास्तान यांची हॅट' अशी पाटी. तिचा फोटो पेपरात बघूनच चौऱ्याऐंशी वर्षांची ओदेत दोन बस बदलून, गोल डबा मांडीवर घेऊन आली होती. खरी हॅट त्या डब्यात होती. तिच्या नवऱ्याने, फेर्नांने ती केली होती. शूटिंग संपल्यावर कास्तानने ती साफ करायला म्हणून फेर्नांच्या दुकानात टाकली आणि पुन्हा फिरकला नाही.

"मादाम, राग मानू नका," क्लेमाँ म्हणाला, "पण फितीची गाठ बघा. पोस्टरवर उजव्या कानाकडे आहे. आमच्या हॅटचीही उजवीकडेच. तुमची डावीकडे. म्हणजे ही दुसरी कुठली तरी असणार."

"पुरुषाच्या हॅटची गाठ डावीकडेच असते. उजवीकडे असते ती बाईच्या."

"पण पोस्टरवर स्पष्ट—"

"पोस्टर आरशातल्यासारखं उलटं छापलंय! आपलं नाव डावीकडे पाहिजे असं कास्तानने करारात घालून घेतलं होतं, आणि फोटोतल्या साहेबांची नजरही त्या नावाकडेच हवी. म्हणून फोटो फिरवला. फेर्नां त्या दिवशी जेवला नाही. म्हणाला, अख्ख्या पॅरिसला वाटणार, मी त्याला बाईची हॅट घातली."

क्लेमाँ हसला. दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांशी हसतात तसं, समजुतीचं. त्या हसण्याने ओदेतचं उरलंसुरलं भान सुटलं. तिने काठी उचलून पोस्टरवरच्या रेनकोटवर रोखली.

"गुंड्या बघ, पोरा. कुठली बाजू वर आलीय? आणि तुझ्या कोटाची कुठली आहे?"

क्लेमाँने मान खाली घालून आपला कोट पाहिला. मग पोस्टर पाहिलं. मग पुन्हा कोट. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला.

पेटीची किल्ली त्याच्या गळ्यातच लटकत होती. ओदेत तिच्याकडे बघत राहिली. पण क्लेमाँचा हात काही किल्लीकडे गेला नाही. तो दाराकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "पेटीतली हॅट ज्यांनी दिलीय, तेच उद्या उद्घाटनाचे पाहुणे आहेत. माहितीपुस्तकही छापून आलंय. असं करू, तुमची मागच्या दालनात ठेवू. 'त्या काळातली एक हॅट' अशी पाटी लावून."

"एक हॅट," ओदेत म्हणाली. "आणि करणाऱ्याचं नाव?"

"तेवढी जागा नसते, मादाम. लोक कास्तानला बघायला येतात."

"कास्तानला? अर्धा सिनेमा त्याचं तोंड दिसत नाही! हॅटच्या कडेच्या सावलीत असतं. ती कड फेर्नांने वाफेवर धरून तीन दिवस बोटांनी वळवली. बोटं भाजली त्याची. सपाट कडेची हॅट घालून उभा राहिला असता ना तुमचा कास्तान, तर पत्र टाकायला आलाय असं वाटलं असतं. लोक ती सावली बघायला येतात. आणि सावली आमची आहे."

तिने हॅट कडेने उचलून डब्यात ठेवली आणि ती निघाली. बसमध्ये तिने डबा मांडीवर घट्ट धरला. त्या पोराची चीड होतीच, पण त्याहून जास्त चीड स्वतःची होती. मागच्या दालनातल्या त्या पाटीला ती क्षणभर हो म्हणणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिकीट काढून रांगेत उभी राहिली. डबा आणला नव्हता. हॅट डोक्यावर होती. आतल्या चामडी पट्टीत कागदाच्या घड्या घालूनही ती भुवईपर्यंत उतरत होती. दालन म्हाताऱ्यांनी भरलं होतं. जून महिना, आणि निम्म्यांनी कॉलरी वर केलेल्या. पेटीशी उभा राहून पाहुणा बोलत होता, की खरी वस्तू ओळखायला नजर लागते. शेजारी क्लेमाँ हात बांधून उभा होता. टाळ्या वाजल्या.

पुढे उभा असलेला एक वाकलेला म्हातारा टाळ्या न वाजवता काचेला नाक लावून बघत होता.

"ही तर बाईची आहे," तो म्हणाला.

"अहो, हळू," त्याची बायको म्हणाली.

"हळू काय? तीस वर्षं हॅटी विकल्यात मी. पुरुषाची म्हणून ही कुणाला दाखवली असती तर मालकाने हाकलून दिलं असतं मला!"

कुणीतरी हसलं. पाहुण्याने क्लेमाँकडे पाहिलं, क्लेमाँने जमिनीकडे. आपल्या बाजूचं कुणी आहे का, म्हणून म्हातारा मागे वळला आणि त्याला ओदेत दिसली. त्याने तिच्या डाव्या कानाजवळची गाठ पाहिली. कडेवरून, समोरच्या उतारावरून, मागच्या चढावरून नजर फिरवली. मग त्याने डोक्यावरची आपली टोपी काढून हातात घेतली.

"मादाम, ही कुणी केलीय?"

ओदेत रात्रभर भांडणाची वाक्यं घोकून आली होती. त्यातलं एकही तिला आठवेना. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"फेर्नां गिरोदे," ती म्हणाली. मग तिने पाहुण्याला, क्लेमाँला, अगदी दाराशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असं, दुकानाच्या गल्लीच्या नावासकट पुन्हा सांगितलं.